द्राक्षवेलीचे देठ परीक्षण : नमुना खरा तर अहवाल खरा

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, चांदवड आणि नाशिक या तालुक्यांमध्ये द्राक्षबागेवर एकरी होणारा खर्च इतर कोणत्याही पिकापेक्षा जास्त असतो. छाटणी, विरळणी, डिपिंग आणि फवारणी या कामांत येथील बागायतदार चांगलेच तरबेज आहेत. खत व्यवस्थापनात मात्र अजूनही पुष्कळदा डोळ्यांवर आणि शेजाऱ्याच्या अनुभवावर भिस्त ठेवली जाते. येथेच घोटाळा होतो.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. वेलीच्या खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपू लागल्या. पालाशाची कमतरता असली की पानांच्या कडा करपतात, हे बहुतेकांना माहीत असते. त्यामुळे बागायतदार म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोण्या आणतो. परंतु विहिरीचे किंवा बोअरचे पाणी खारे असेल आणि वेलीत क्लोराइडचे प्रमाण वाढले असेल, तरीही पानांच्या कडा जवळजवळ तशाच करपतात. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये सुमारे ४७ टक्के क्लोरीन असते. म्हणजे ज्या वेलीला क्लोराइडची बाधा झाली आहे, तिलाच आणखी क्लोराइड दिले जाते. दुखणे एक आणि औषध दुसरे, अशी गत होते. खताचे पैसे तर जातातच, शिवाय बाग आणखी बिघडते.

दोन वेगळी दुखणी पानावर एकाच चेहऱ्याने दिसतात, तेव्हा डोळ्यांचा निर्णय पुरेसा नसतो. वेलीच्या आत काय आहे ते पाहावे लागते. त्यासाठी देठ परीक्षण हे उत्तम साधन आहे. मात्र प्रयोगशाळेतील यंत्र कितीही महाग असले, तरी ते फक्त हाती आलेला नमुना वाचते. तो नमुना कसा घेतला, कसा धुतला आणि कसा टिकवला, यावर अहवालाचा खरेखोटेपणा ठरतो. हे काम बागायतदाराच्या हातचे आहे, म्हणून त्याची माहिती येथे सविस्तर दिली आहे.

देठच का आणि केव्हा?

पानाचा देठ ही मुळांकडून पानाकडे जाणारी वाट आहे. पानाच्या पात्यात अन्नद्रव्ये साठतात आणि वापरली जातात. देठात मात्र त्या वेळी वेलीला होणाऱ्या पुरवठ्याचे चित्र अधिक स्पष्ट दिसते. म्हणून द्राक्षात पात्याऐवजी देठ तपासण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या होतात, त्यामुळे नमुनेही दोन वेळा घ्यावे लागतात.

१) खरड छाटणीनंतर : एप्रिलमधील छाटणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी, काडीच्या तळाकडून पाचव्या पानाचा देठ घ्यावा. याच सुमारास काडीवरील डोळ्यांत पुढच्या हंगामाच्या घडांची सूक्ष्म निर्मिती होत असते. त्यामुळे या नमुन्यावरून केलेली दुरुस्ती त्याच हंगामाच्या उत्पादनासाठी उपयोगी पडते.

२) फळ छाटणीनंतर : वेली पूर्ण फुलोऱ्यात असताना घडासमोरील पानाचा देठ घ्यावा. यावरून घड पोसण्यासाठी आणि मण्यांच्या प्रतीसाठी काय कमी-जास्त आहे ते समजते.

पाचव्याऐवजी आठव्या पानाचा देठ घेतला किंवा पंधरा दिवस उशीर केला, तर आकडे बदलतात. प्रयोगशाळेकडील प्रमाणित आकडे ठरावीक पान आणि ठरावीक अवस्था यांसाठीच असतात. दुसऱ्या पानाचा देठ पाठवून त्या आकड्यांशी तुलना करणे म्हणजे पायलीचे माप घेऊन लिटरचा हिशेब मांडण्यासारखे आहे.

प्रकाशाने मूलद्रव्य कसे ओळखतात?

गॅसवर भात शिजताना मिठाचे पाणी उतू गेले, की निळी ज्योत एकदम पिवळी होते, हे आपण घरात पाहिलेले असते. तो पिवळा रंग मिठातील सोडियमचा असतो. पालाश, म्हणजे पोटॅशियम, ज्योतीला फिकट जांभळा रंग देते. परंतु सोडियमचा पिवळा इतका भडक असतो, की त्यापुढे हा जांभळा डोळ्यांना दिसत नाही. निळ्या कोबाल्ट काचेतून पाहिल्यास पिवळा अडतो आणि जांभळा दिसू लागतो.

प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशाच्या ठरावीक रेषाच देते किंवा शोषते, हे जर्मनीतील हायडेलबर्ग येथे बुन्सेन आणि किर्खोफ या शास्त्रज्ञांनी १८५९-६० च्या सुमारास दाखवून दिले. प्रकाश लोलकातून नेऊन त्याचा पट्टा पसरला, की त्या पट्ट्यावर या रेषा दिसतात. या पट्ट्याला वर्णपट म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला. पृथ्वीवर तोवर माहीत नसलेल्या हेलियमचा माग सूर्याच्या वर्णपटातील पिवळ्या रेषेवरूनच लागला. कोट्यवधी किलोमीटर दूरच्या सूर्यात काय आहे ते ज्या विद्येने कळते, तिनेच आपल्या बागेतील देठात काय आहे तेही कळते.

प्रयोगशाळेत देठाची वाळलेली भुकटी आम्लात विरघळवतात. त्या द्रावणाचे सूक्ष्म तुषार ज्योतीत सोडले, की फ्लेम फोटोमीटर हे यंत्र सोडियमचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरवर आणि पालाशाचा ७६६ नॅनोमीटरवर वेगवेगळा मोजते. डोळ्यांची जी फसगत होते ती यंत्राची होत नाही.

जस्त, लोह, मँगनीज आणि तांबे यांसाठी अॅटॉमिक अॅबसॉर्प्शन स्पेक्ट्रोफोटोमीटर वापरतात. ही पद्धत ऑस्ट्रेलियातील अॅलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये मांडली. यात जस्त मोजायचे असेल तर जस्ताचाच दिवा लावतात. त्या दिव्याचा २१३.९ नॅनोमीटरचा प्रकाश ज्योतीतून जाताना तेथील जस्ताचे अणू तो शोषतात. जितका प्रकाश कमी होतो तितके जस्त जास्त. लोहासाठी लोहाचा आणि तांब्यासाठी तांब्याचा दिवा लागतो. कुलूप ज्याचे, किल्लीही त्याचीच, असा हा प्रकार आहे.

क्लोराइड मात्र या दिव्यांनी दिसत नाही. त्यासाठी भुकटीचा पाण्यात अर्क काढून सिल्व्हर नायट्रेटची वेगळी चाचणी करावी लागते. पाणी खारे असलेल्या बागायतदारांनी सोडियमबरोबर क्लोराइडची तपासणीही आठवणीने मागावी.

नमुना घेण्याची आणि टिकवण्याची पद्धत

१) एका नमुन्यात एकाच जातीच्या, एकाच खुंटावरील, एकाच वयाच्या आणि एकाच प्रकारच्या जमिनीतील वेली असाव्यात. पिवळा पडलेला पट्टा आणि चांगला पट्टा यांचे नमुने वेगळे घ्यावेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यास दुखणे लवकर सापडते.

२) बांधाकडील व रस्त्याकडील ओळी सोडून द्याव्यात. बागेत नागमोडी फिरत एका वेलीवरून एक-दोन याप्रमाणे दीडशे ते दोनशे देठ गोळा करावेत. रोगट, कीडग्रस्त किंवा मोडलेली पाने घेऊ नयेत.

३) नमुना सकाळी घ्यावा. पान तोडल्याबरोबर पाते काढून टाकावे आणि देठ तेवढा ठेवावा. पाते तसेच राहिले तर ते देठातील ओलावा ओढत राहते.

४) देठ छिद्रे पाडलेल्या स्वच्छ कागदी पिशवीत ठेवावेत. पिशवीवर गट क्रमांक, जात, खुंट, छाटणीची तारीख, नमुन्याची तारीख आणि शेवटच्या फवारणीचे नाव पेन्सिलने लिहावे. शाई ओलाव्याने पुसली जाते.

५) नमुना त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा. ते शक्य नसल्यास रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा.

६) प्रयोगशाळेत देठ प्रथम साध्या पाण्याने, मग सौम्य साबणाच्या द्रावणाने, नंतर अतिशय सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने झटपट धुतात. नंतर ६५ ते ७० अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे ४८ तास वाळवतात आणि स्टेनलेस स्टीलच्या यंत्रात दळतात. क्लोराइड तपासायचे असल्यास तसे आधीच सांगावे, म्हणजे धुताना हे आम्ल टाळता येते.

वाळवणे हेच येथे टिकवणे असते. ओला देठ तोडल्यानंतरही जिवंत असतो. त्याचा श्वास चालू असतो आणि साठवलेली साखर खर्च होत असते. वाळवल्यावर हे सर्व थांबते. नीट वाळवलेली भुकटी घट्ट झाकणाच्या बाटलीत कोरड्या जागी वर्षानुवर्षे टिकते. म्हणून प्रयोगशाळेला विनंती करून भुकटीचा थोडा भाग जपून ठेवावा. अहवालाबद्दल शंका आली तर त्याच नमुन्याची फेरतपासणी करता येते. बाग पुढे निघून गेलेली असते, पण बाटलीत त्या दिवसाची वेल तशीच असते.

नेहमी होणाऱ्या चुका

१) मॅन्कोझेबच्या फवारणीनंतर लगेच नमुना घेणे : या बुरशीनाशकात मँगनीज आणि जस्त दोन्ही असतात. देठावर ते चिकटून राहिले तर अहवालात जस्त भरपूर दिसते आणि वेल मात्र जस्तासाठी भुकेली असते. बोर्डो मिश्रणामुळे तांब्याचा आकडा असाच फुगतो. यंत्राला देठाच्या आतील जस्त आणि बाहेरील जस्त यांतला फरक कळत नाही.

२) धुळीचे देठ न धुता वाळवणे : मातीत लोह मुबलक असते. चिमूटभर धुळीनेही लोहाचा आकडा वाढतो.

३) घामेजल्या हातांनी देठ हाताळणे : घामातील मिठामुळे सोडियम वाढलेले दिसते.

४) जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर देठ वाळवणे : पत्र्याचे जस्त नमुन्यात उतरते.

५) प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन-तीन दिवस ठेवणे : देठ कुबट होतात आणि कुजू लागतात. कुजताना वाळलेले वजन घटते, पण खनिजे तेवढीच राहतात. त्यामुळे टक्केवारी खोटीच वाढते.

६) लवकर वाळावे म्हणून जास्त आच देणे : तापमान ८० अंशांच्या वर गेल्यास देठ करपतात आणि नत्राचा आकडा भरवशाचा राहत नाही.

यातील एकही चूक अहवालाच्या कागदावर दिसत नाही. कागदावर नेटका छापलेला आकडा असतो आणि त्यावर खताचा सगळा खर्च उभा राहतो.

भुकटीच्या पुढे : वर्णपटाचे चित्र

देठ दळला की एक गोष्ट कायमची हरवते, ती म्हणजे जागा. भुकटीतून लोह किती ते कळते, पण ते शिरेत अडकले होते की हिरव्या पेशींपर्यंत पोहोचले होते, ते कळत नाही. चुनखडीच्या जमिनीत हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. अशा बागेत पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, तरीही एकूण लोह तपासले तर ते पुरेसे निघते. लोह वेलीत असते, पण वेलीच्या उपयोगाचे नसते.

अशा अभ्यासासाठी वर्णपट प्रतिमा हे तंत्र वापरतात. साध्या छायाचित्रात प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीनच आकडे असतात. वर्णपट प्रतिमेत प्रत्येक ठिपक्याचा संपूर्ण वर्णपट नोंदवला जातो. त्यामुळे पानाच्या पातळ कापावर कोणते द्रव्य कोठे आहे याचा नकाशाच तयार होतो. अवरक्त किरणांनी सेल्युलोज, लिग्निन आणि मेण यांचे नकाशे मिळतात. क्ष-किरणांनी लोह, जस्त, कॅल्शियम यांसारख्या मूलद्रव्यांचे नकाशे मिळतात. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ या यंत्राच्या क्ष-किरणांवर अशा तपासणीची सोय उभारण्यात आली.

येथेही नमुना टिकवण्याचा प्रश्न पहिला असतो, कारण टिकवण्याच्या प्रत्येक पद्धतीची किंमत मोजावी लागते.

फॉर्मॅलिन, अॅसेटिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात ठेवलेल्या पानाच्या पेशींची रचना उत्तम टिकते. परंतु अल्कोहोलमध्ये हरितद्रव्य उतरते आणि पालाशासारखे विरघळणारे क्षार द्रवात निघून जातात. अशा तुकड्यात पालाशाचा नकाशा शोधणे व्यर्थ आहे.

पातळ काप घेण्यासाठी तुकडा पॅराफिन मेणात बसवतात. अवरक्त वर्णपटात हे मेण स्वतःच्याच खुणा उमटवते. ते झायलीनने काढले, तर पानावरचे नैसर्गिक मेणही त्याबरोबर जाते.

मूलद्रव्यांच्या नकाशासाठी तुकडा उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्रात क्षणात गोठवतात आणि निर्वात जागेत त्यातील बर्फाची थेट वाफ करतात. यात क्षार बहुतांशी जागच्या जागी राहतात, पण हे काम खर्चाचे आणि कौशल्याचे आहे.

वनस्पती संग्रहालयात दाबून वाळवलेले नमुने शंभर वर्षांहूनही अधिक टिकतात. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागात, जो १९५५ मध्ये सुरू झाला, असा मोठा संग्रह आहे. जुन्या काळी किडीपासून संरक्षणासाठी संग्रहालयातील नमुन्यांना मर्क्युरिक क्लोराइड लावण्याची पद्धत होती. अशा नमुन्यावर क्ष-किरण टाकले, तर यंत्र त्यात पारा दाखवते. तो पारा झाडाचा नसतो, जपणाऱ्याच्या हाताचा असतो. मॅन्कोझेबमधील जस्ताची गोष्ट आणि ही गोष्ट एकच आहे.

या तंत्राचे मोठे भावंड म्हणजे आकाशातून घेतलेली पिकांची चित्रे. निरोगी पान जवळचे अवरक्त किरण भरपूर परावर्तित करते. रोगट पानाच्या आतील रचना बिघडली, की हे परावर्तन घटते. १९७० च्या सुमारास केरळमध्ये प्रा. पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळबागांची छायाचित्रे घेऊन मूळकुजव्या रोगाचा अभ्यास झाला. भारतातील दूरसंवेदनाची सुरुवात म्हणून हा प्रयोग ओळखला जातो.

वर्णपट प्रतिमा हे अद्याप मुख्यतः संशोधकाचे साधन आहे. बागायतदाराच्या रोजच्या निर्णयासाठी साधे देठ परीक्षण पुरेसे आहे. जागा पाहण्याचा एक सोपा प्रयोग मात्र घरी करता येतो. पक्व काडीचा आडवा ताजा काप आयोडिनच्या सौम्य द्रावणात बुडवावा. जेथे स्टार्च साठला आहे तेथे काप निळसर काळा होतो. काप सर्वत्र गडद झाला तर काडीत साठा चांगला आहे. फिकट राहिला तर काडी अजून कच्ची आहे.

अहवाल कसा वाचावा?

१) पालाश कमी, सोडियम व क्लोराइड मर्यादेत : ही खरी पालाशाची कमतरता आहे. शिफारशीप्रमाणे पालाश द्यावे. द्राक्षासाठी सल्फेट ऑफ पोटॅश अधिक सुरक्षित आहे.

२) सोडियम किंवा क्लोराइड जास्त : पालाशाचा आकडा काहीही असो, म्युरेट ऑफ पोटॅश बंद ठेवावे. पाणी व माती तपासून घ्यावी, निचरा सुधारावा आणि माती परीक्षणाप्रमाणे जिप्सम किंवा गंधक वापरावे.

३) लोह पुरेसे, तरीही पाने पिवळी : जमिनीतील चुनखडी आणि पाण्यातील बायकार्बोनेट तपासावे. क्रियाशील लोहाची चाचणी मागावी. ही चाचणी ताज्या पानावरच होते, वाळलेल्या भुकटीवर नाही. म्हणून प्रयोगशाळेला आधी विचारून नमुना न्यावा.

४) जस्त, मँगनीज किंवा तांबे अनपेक्षितपणे जास्त : खत कमी करण्यापूर्वी फवारणीची वही उघडावी. शंका असल्यास नमुना पुन्हा घ्यावा.

एकट्या अहवालावर विसंबू नये. माती, पाणी आणि देठ हे तीन कागद शेजारी ठेवून वाचावेत आणि मागील वर्षांचे अहवाल फाइलमध्ये लावून ठेवावेत. तीन-चार वर्षांचे आकडे एका ओळीत आले, की बाग कोणीकडे चालली आहे ते स्वतःच समजू लागते. जात आणि खुंट यांनुसार प्रमाणित आकडे बदलतात. त्यासाठी महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे पिंपळगाव बसवंत येथील संशोधन केंद्र किंवा मांजरी, पुणे येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांचा सल्ला घ्यावा.

बागायतदार बंधूंनो, यंत्राची अचूकता आपल्या हातात नाही, पण नमुन्याचा प्रामाणिकपणा पूर्णपणे आपल्या हातात आहे. योग्य दिवशी, योग्य पानाचा, स्वच्छ हातांनी घेतलेला आणि वेळेत पोहोचवलेला देठ वेलीची खरी अवस्था सांगतो. तरी पुढील खरड छाटणीची तारीख वहीत लिहिताना तिच्यापुढे पंचेचाळिसावा दिवसही लिहून ठेवावा आणि त्या दिवसाच्या आसपास मॅन्कोझेबची फवारणी येणार नाही असे नियोजन करावे.